जुन्या माणसाचा दर

३ जून

ताई,

हे पत्र आधी कंपनीच्या छापील कागदावर सुरू केलं होतं. 'माननीय ग्राहक' एवढं लिहून झाल्यावर माझं मलाच कसंतरी झालं, म्हणून हा साधा कागद घेतला. फोन तू उचलत नाहीस. लॉजच्या नंबरावर केला तर खोल्या आवरणारी उचलते आणि 'बाई गच्चीवर आहेत' म्हणून ठेवून देते. एवढा वेळ गच्चीवर काय करतेस?

परवा तुझ्याकडून आलेला माल उघडला तेव्हा मी धुलाईच्या खोलीतच उभा होतो. आमच्याकडे मळलेल्या चादरी निळ्या पिशव्यांतून येतात, आणि पोरी नाकाला फडकं बांधूनच त्या उघडतात. तुझी पिशवी उघडली तर आत सगळ्या चादरी धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, घडीला घडी लावलेल्या. टॉवेलही तसेच. निळ्या पिशव्यासुद्धा धुऊन वाळवलेल्या. आम्ही भाड्याने चादरी देतो आणि धुतो, हाच आमचा धंदा. मळका माल स्वच्छ करून परत करणारं गिऱ्हाईक आजवर कुणी पाहिलं नव्हतं. पोरी हसायला लागल्या. एकीने विचारलं, आता यांना आपण पैसे द्यायचे का? मीही हसलो. हसण्यावारी नेण्याशिवाय काय करणार होतो!

वर तुझी चिठ्ठी होती. 'माल मोजून घ्यावा. यापुढे नको.' खाली पूर्ण नावानिशी सही. मला लिहिताना तू 'ताई' सोडून दुसरी सही कधी केली नव्हतीस.

बाकीचं आमचा माल पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याने सांगितलं. तुझ्या शेजारी नवं लॉज निघालंय. त्याचा तरुण मालक आमचं दरपत्रक घेऊन तुझ्याकडे आला, म्हणाला, तुम्ही यातल्या जुन्या, दर बरा आहे का बघून सांगा. तू उभ्याउभ्या वाचलंस, 'बरा आहे, घ्या' म्हणालीस आणि चष्मा पुसत आत गेलीस. ज्या चादरीला तू जे देतेस, त्याच्या जवळजवळ निम्म्यात ती त्याला मिळणार आहे, हे खरं आहे.

पण ताई, हे दर आता संगणक काढतो. खाली सही माझी दिसते, ती छापलेलीच असते. तुझ्या खात्यात कुठेतरी आकड्यांची गफलत झाली असणार. चौकशी करायला सांगितलंय. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा
बारक्या

११ जून

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे, रागावण्याचा हक्क तुला आहेच.

मी मार्ग काढलाय. शेजाऱ्याचा दर तुला लावून घेतो, खरं तर त्याहून थोडा कमीच. नवा करार सोबत जोडलाय, पेन्सिलीने खूण केली आहे तिथे सही कर. फक्त बोभाटा नको. शेजाऱ्याला बोलू नकोस, आणि टेम्पोवाल्यासमोर तर अजिबात नको. तो एका दारातली गोष्ट पुढच्या चार दारांत पोचवतो, आणि त्याचं भाडंही घेत नाही.

धंद्याची रीत तुला माहीत असावी म्हणून लिहितो, सारवासारव म्हणून नाही. नव्या गिऱ्हाइकाच्या दारात दुसऱ्या लॉण्ड्रीचा माणूस उभा असतो. त्याला ओढून आणायचं तर दर पाडावा लागतो. ती तूट कुठून तरी भरायची असते. जुन्या गिऱ्हाइकाशी वर्षाचा करार असतो, करार नवा करताना दर थोडासा वाढतो. जो फोन करून कुरकुर करतो, त्याचा आम्ही कमी करतो. जो करत नाही, त्याचा तसाच राहतो. बोलणाऱ्याची बोरंही विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. तू एवढ्या वर्षांत एकदाही फोन केला नाहीस. एकदा जरी केला असतास! मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही.

वरचं वाक्य परत वाचलं. आपल्या दोघांत मूल कोण आणि आई कोण, ते आता मला कळेनासं झालंय. पण कागद खराब होईल म्हणून खोडत नाही.

आणखी एक. सही छापलेली नसते. मागच्या पत्रात ते चुकून लिहिलं गेलं. सही मीच करतो.

बारक्या

१९ जून

ताई,

करार कोराच परत आला. टेम्पोवाल्याने निरोप दिला, तोही सगळ्यांसमोर: "त्या म्हणाल्या, लपून सही मी आजवर केलेली नाही." त्याने तुझा आवाजही काढून दाखवला. मी त्याला ओरडलो, आणि मग त्याच्याकडे बघता येईना म्हणून आत जाऊन बसलो.

'चुकून लिहिलं गेलं' असंही मी लिहिलं होतं. चुकून नव्हतं. आता लिहितोच.

दर संगणक काढतो हे अर्धंच खरं. त्याला कसे काढायचे ते मी शिकवलं. चार वर्षांपूर्वी मालकांनी विचारलं होतं की गिऱ्हाईक न गमावता उत्पन्न कसं वाढेल. मी सगळ्या कायम गिऱ्हाइकांचे वर्षभरातले फोन मोजायला लावले. ज्यांचा दराबद्दल एकही फोन नाही त्यांचा वेगळा गट केला. नावही मीच ठेवलं, 'शांत खाती'. शांत खात्याचा दर दरवर्षी इतरांपेक्षा थोडा जास्त वाढवायचा. फार नाही, लक्षात येणार नाही इतका. आणि गटापुढच्या रकान्यात कारण लिहायचं असतं, तिथे मी एकच शब्द लिहिला, 'परवडतं'. मालक खूश झाले. त्या वर्षी मला वेगळी खोली मिळाली, दारावर पाटी लागली. तू पेढे वाटावेत तशी सगळ्यांना सांगत सुटली होतीस.

त्या गटात तू होतीस. मला माहीत नव्हतं असं लिहिणार होतो. माहीत होतं. पहिल्याच यादीत वरून तिसरी. मनात आलं होतं की ताईला बाहेर काढावं. मग वाटलं, बहिणीला सवलत दिली म्हणून बोट दाखवतील. आपलं नाव स्वच्छ राहावं म्हणून मी तुला आत राहू दिलं, आणि त्याला प्रामाणिकपणा म्हणालो.

काल तुझं खातं पहिल्यापासून वाचलं. भाओजी गेले त्या वर्षीही वाढ झाली आहे. मी भेटायला आलो होतो तोच महिना. तुझ्याजवळ बसलो, 'काही लागलं तर सांग' म्हणालो, आणि टेम्पोवाल्याबरोबर आठवड्याभरात करार पाठवला. त्यावर तुझी सही आहे. नेहमीपेक्षा थोडी वाकडी.

आणि उशीचे अभ्रे. तीन वर्षांपूर्वी तू निम्मे बंद केलेस, पुढच्या वर्षी सगळेच. माझ्या कागदावर त्याची नोंद 'मागणी घटली' अशी आहे. का घटली, हे मी कुणाला विचारलं नाही. लॉजमध्ये माणसं उशीशिवाय झोपायला लागली असं मला वाटलं असेल का? तू स्वतःचे अभ्रे घेऊन ते घरी धुवायला लागली होतीस, बिल आवाक्यात राहावं म्हणून. पण आमच्या करारात एक कलम आहे. महिन्याला ठरलेल्या नगांपेक्षा माल कमी झाला, की जुन्या गिऱ्हाइकाची सवलत रद्द होते. अभ्रे कमी झाले, नग कमी भरले, सवलत गेली आणि तुझ्या चादरींचा दर चढला. हाताने धुऊन जे वाचवलंस ते आम्ही चादरींतून काढून घेतलं. ते कलमही माझंच.

मी येतो भेटायला. बोलू नकोस हवं तर.

बारक्या

३० जून

ताई,

तुझ्याकडे येऊन आल्यावर पत्र लिहितोय, कारण तिथे माझ्या तोंडून धड एक वाक्य निघालं नाही.

वाटेत मी मनाशी जुळवणी केली होती. तू ओरडशील, मी ऐकून घेईन, मग तू जेवायला वाढशील. आपल्या घरची भांडणं अशीच मिटत आली. पण मी दारातून आत आलो तर तू टेबलामागून मान वर केलीस आणि म्हणालीस, "किती दिवसांचा मुक्काम?" मला वाटलं थट्टा करतेस. तू रजिस्टर माझ्याकडे फिरवलंस आणि पेन पुढे केलंस. मी नाव लिहिलं, पत्ता लिहिला. 'येण्याचं कारण' या रकान्यापाशी हात अडला. तू म्हणालीस, "कोरं ठेवलं तरी चालतं." मग भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून दर सांगितलास आणि पैसे आगाऊ घेतलेस. सुटे नव्हते तर शेजारून आणवलेस. माझ्या सख्ख्या बहिणीने मला पावती फाडून दिली. खोली दुसऱ्या मजल्यावरची, जिन्याला लागून.

रात्री तुझ्या स्वतःच्या चादरीवर मी पडलो होतो, झोपलो म्हणवत नाही. आमच्या चादरींना एक वास असतो, औषधी, सगळ्या गावाच्या चादरींना तोच. तुझ्या चादरीला उन्हाचा वास होता. उशीच्या अभ्र्याला कोपऱ्यात बारीक टाके घातलेले. आमच्याकडे फाटलेला अभ्रा सरळ फडक्यांत जातो.

सकाळी गच्चीवर आलो. तू एका चादरीचं टोक कठड्याच्या लोखंडी गजाला बांधलं होतंस आणि दुसऱ्या टोकाने एकटीच पिळत होतीस. चादर पिळायला दोन माणसं लागतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुझी बोटं सुजलेली होती, अंगठी काढून गळ्यातल्या साखळीत घातलेली. मी पुढे झालो तर तू म्हणालीस, "तुमची न्याहारीची वेळ टळेल." मला अहो-जाहो केलंस. लहानपणी तू मला मारायचीस तेव्हाही इतकं लागलं नव्हतं.

खाली न्याहारीला तो टकला औषधविक्या बसला होता. दर महिन्याला येतो म्हणाला. त्याला माहीत नव्हतं मी कोण ते, म्हणून मोकळेपणी बोलला. पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या डोक्यावर भरघोस केस होते. केस गेले, दर तोच राहिला. तुझ्याकडे परत येणाऱ्याला पहिल्या मुक्कामाचाच दर कायम लागतो, पाटीवर काही का असेना. त्याने एकदा स्वतःहून जास्त पैसे ठेवले तर तू ते पुढच्या खेपेला त्याच्या उशीवर ठेवलेस. "विचारलं तर म्हणतात, जुन्या माणसाला जुना दर. असा धंदा करून बाई जगतात कशा, देव जाणे," असं म्हणून त्याने मला विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हणालो, मीही जुनी गिऱ्हाइकं सांभाळतो.

निघताना मी टेबलापाशी उभा राहिलो. विचारायचं वेगळंच होतं, विचारलं भलतंच. म्हणालो, "ताई, एक फोन का नाही केलास?"

तू रजिस्टर मिटलंस. मग पहिल्यांदा 'तू' म्हणालीस.

"मी फोन केला असता तर तुला साहेबापुढे जाऊन बहिणीसाठी दर मागावा लागला असता. तुला खाली बघायला लागू नये म्हणून गप्प बसले. दरवर्षी दुसऱ्या लॉण्ड्रीचा माणूस यायचा, स्वस्तात देतो म्हणायचा. त्याला चहा पाजून परत पाठवायचे. म्हणायचे, आमचा बारक्या आहे तिथे."

एवढं बोलून तू जिना चढून वर गेलीस. चादरी वाळत होत्या.

ताई, त्या गप्प बसण्यापुढे मी 'परवडतं' असं लिहिलं होतं. मला लाज वाटते. हा शब्द इतके दिवस टाळत होतो, कारण तो लिहिला की काहीतरी भरपाई झाली असं वाटेल अशी भीती होती. तसं काही वाटलं नाही. लाज वाटते, आणि वाटतच राहते. तू मला पाटीवरचा दर लावलास, परक्या माणसाचा. बरोबर केलंस. पावती खिशात आहे.

बारक्या

२२ जुलै

ताई,

मधे लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही केलं नव्हतं. आता थोडं केलंय. फार नाही, तेव्हा मोठेपणा देऊ नकोस.

महिनाअखेरीला शांत खात्यांचे नवे करार सहीसाठी माझ्या टेबलावर आले. मी ते घेऊन मालकांकडे गेलो. म्हणालो, ही पद्धत बंद करूया. ते चांगले आहेत, चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "तुमचीच तर आहे. तुमच्या दारावरची पाटी तिच्यामुळेच लागलीये." राजीनामा खिशात होता, तो खिशातच राहिला. मुलीचं शिक्षण, घराचे हप्ते, सगळं डोळ्यांपुढे आलं. शूरपणा माझ्यात नाही, तो सगळा तुझ्याकडे गेला.

पण नियम माझाच असल्यामुळे त्यातली फट मला ठाऊक होती. कुरकुर करणाऱ्याचा दर कमी होतो. तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन यादीतल्या एकेकाला माझ्या फोनवरून फोन लावायला लागलो. सांगायचं एवढंच, उद्या कचेरीत फोन करा आणि दराबद्दल तक्रार करा. सोपं वाटलं होतं. पण ही माणसं शांत का आहेत ते मला कुठे माहीत होतं! वसतिगृहाचा रखवालदार म्हणाला, इतक्या वर्षांचे संबंध, आता काय भांडायचं. दवाखान्याच्या मेट्रनबाई तर मलाच धीर द्यायला लागल्या: "तुमचीही काही अडचण असेल, म्हणूनच वाढवला असेल ना दर." मी म्हणालो, बाई, अडचण काही नाही, तुम्ही फक्त जरा आवाज चढवा. त्यांना जमेना. मग मी शिकवलं. आधी मी मेट्रन झालो आणि तक्रार केली, मग त्यांना करायला लावली. तिसऱ्या खेपेला त्या 'हे काही बरोबर नाही हं' एवढं म्हणाल्या आणि लगेच 'चुकलं का?' विचारलं. रस्त्यावर उभा राहून मी हसत होतो, आणि डोळ्यांत पाणी येत होतं. त्यांच्यातल्या प्रत्येकात मला तूच दिसत होतीस.

दुसऱ्या दिवशी कचेरीतले फोन वाजायला लागले. निम्म्याहून जास्त जणांनी केले. त्यांचे दर उतरले. बाकीच्यांच्या करारांवर मी सही केली आहे. हे तुला सांगितलंच पाहिजे, नाहीतर हेही पत्र पहिल्यासारखं होईल. त्यांना परत फोन लावतोय. मालकांना संशय आलाय, एवढी माणसं एकदम बोलायला कशी लागली म्हणून. विचारतील तेव्हा खरं सांगेन. सांगेन असं आज तरी वाटतंय.

तुझा नवा करार मी पाठवत नाही. तू आमच्याकडे परत यावंस असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. दुसऱ्या लॉण्ड्रीचा माणूस आला तर या खेपेला त्याला नुसता चहा पाजू नकोस, दर विचार. आणि मग घासाघीस कर. तुझ्याने होणार नाही, माहीत आहे. मेट्रनबाईंना शिकवलं तसं तुलाही शिकवीन.

काल टेम्पोवाला शेजारच्या लॉजवर माल टाकून आला आणि सरळ माझ्या खोलीत शिरला. या वेळी दार लोटून घेतलं, हे विशेष. खोलीत राहिलेला माझा सदरा तू धुऊन, तुटलेलं बटण लावून दिला होतास. सोबत निरोप होता, आणि त्याने आवाज न काढता, जसा दिला तसा सांगितला: "त्याला म्हणावं, परत यायचं असेल तर आधी कळव, खोली अडकते. दर तोच."

मी त्याला दोनदा विचारलं, तोच म्हणजे कोणता? तो म्हणाला, पावतीवर असेल तो.

पावती काढून बघितली. तीन आठवडे मी ती शिक्षा म्हणून जवळ बाळगली होती. त्या औषधविक्यानेही पहिल्या मुक्कामाला पाटीवरचाच दर दिला असेल ना? तुझ्याकडे सगळ्यांची सुरुवात तिथूनच होते. दर सांभाळण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि हे मला टेम्पोवाल्याने सांगितल्यावर कळलं.

येत्या शनिवारी येतो. जिन्यालगतची खोली ठेव, पैसे आगाऊ घे. आणि चादरी मी येईपर्यंत पिळू नकोस.

तुझा
बारक्या